पानाच्या पाठीमागची खूण

उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे फ्लेमिंगो पाहायला भिगवणला जाणारे पुष्कळ आहेत. त्याच भिगवणजवळ, इंदापूर तालुक्यात, एक मोठा कागद कारखाना आहे, याची मात्र त्यांतल्या अनेकांना कल्पना नसते. इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने तो उभारला आणि २००१ मध्ये तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आला. मासिके, माहितीपत्रके, कॅलेंडरे ज्यावर छापतात तो गुळगुळीत कोटेड कागद ही या कारखान्याची ओळख. या कागदात पारंपरिक वॉटरमार्क नजरेस पडणे जवळजवळ अशक्य असते. आणि तिथून इंदापूर किंवा बारामतीला यावे, तर कोर्टाजवळच्या, तहसील कचेरीसमोरच्या कुठल्याही डीटीपी सेंटरमध्ये दिवसभर साध्या कागदावर वॉटरमार्क उमटत असतात. पतसंस्थेच्या अहवालामागे संस्थेचे बोधचिन्ह, करारनाम्याच्या कच्च्या प्रतीवर आडवे ‘मसुदा’, शाळेच्या दाखल्यामागे फिकट सरस्वती. एकाच नावाच्या या दोन गोष्टींमागचे विज्ञान पूर्ण वेगळे आहे, आणि तो फरक कळला नाही तर कागदावर नको तितका विश्वास बसतो.

कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो तो कशामुळे? ज्या सेल्युलोजच्या तंतूंचा तो बनतो ते तंतू स्वतः जवळजवळ पारदर्शक असतात. पण तंतूंच्या मध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. सेल्युलोजचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि हवेचा १. प्रकाश तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत शिरताना प्रत्येक सीमेवर थोडा वळतो, थोडा परततो, आणि शेवटी सगळीकडे विखुरतो. हे विखुरणे म्हणजेच कागदाचा पांढरेपणा. भज्यांचा पुडा तेलकट झाला की त्यातून पलीकडचे दिसू लागते. तेलाचा अपवर्तनांक सेल्युलोजच्या जवळपास असल्याने पोकळ्यांत तेल भरले की त्या सीमा पुसल्या जातात आणि प्रकाश सरळ आरपार जातो.

खरा वॉटरमार्क याच तत्त्वावर उभा आहे, मात्र तेलाशिवाय. कागद ओला लगदा असतानाच एखाद्या ठिकाणी तंतू कमी केले, की वाळल्यावर तिथे कागद पातळ राहतो. पान उजेडासमोर धरले की त्या जागेतून जास्त प्रकाश येतो आणि आकृती उजळते. इटलीत १२८२ च्या सुमारास हे पहिल्यांदा दिसते. कागद गाळायच्या जाळीवर तारेची वेडीवाकडी आकृती शिवायची, तारेवर लगदा कमी बसायचा, की झाली खूण तयार. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडमध्ये यंत्रासाठी डँडी रोल आला. ओल्या कागदावरून फिरणाऱ्या या जाळीदार रुळावरची उठावाची आकृती प्रत्येक फेऱ्यात कागदात दाबली जाते. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादच्या हातकागदावर मराठेशाहीचे दफ्तर लिहिले गेले. त्या कागदात गाळणीच्या काड्यांच्या रेघा दिसतात, कारखानदाराची खूण मात्र दिसत नाही. युरोपात अशा खुणांचा अभ्यास म्हणजे स्वतंत्र शास्त्रच झाले. ब्रिके नावाच्या संशोधकाने १९०७ मध्ये सोळा हजारांहून अधिक वॉटरमार्कांच्या प्रतिकृती प्रसिद्ध केल्या. तारीख नसलेल्या पत्राचा काळ आजही त्यांवरून ठरवता येतो.

आता भिगवणचा कागद घ्या. त्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट किंवा चिनी माती यांसारख्या बारीक पांढऱ्या खनिजांचा थर चढवलेला असतो. हे कण प्रकाश जोरात विखुरतात. छपाईच्या दृष्टीने हा गुणच आहे, कारण एका बाजूचे चित्र दुसऱ्या बाजूला डोकावत नाही आणि शाई आत न शोषली जाता वर राहून चमकते. पण त्याच थराखाली कागदाच्या जाडीतला बारीकसा फरक दडून जातो. उलट, नोटेचा कापसाच्या तंतूंचा कागद मुद्दाम या फरकासाठी घडवलेला असतो. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पण गांधीजींची छायाप्रकाशातली प्रतिमा तिथल्या शाईने उमटत नाही. ती कागदाबरोबरच जन्मलेली असते. ती मागाहून घालता येत नाही आणि खोडताही येत नाही.

संगणकातला वॉटरमार्क नेमका याच बाबतीत वेगळा. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘डिझाइन’ टॅबवर जाऊन ‘वॉटरमार्क’ निवडा, शब्द लिहा किंवा चित्र द्या, की ते प्रत्येक पानावर मजकुरामागे फिकट दिसू लागते. लिबरऑफिस रायटरमध्ये ही सोय ‘फॉरमॅट’ मेनूत आहे, गुगल डॉक्समध्ये ‘इन्सर्ट’मध्ये. एकदाच घातलेले चित्र शंभर पानांवर कसे येते? ते मुळात पानावर नसतेच. पानाच्या वरच्या पट्टीत, म्हणजे हेडरमध्ये, त्याला नांगरलेले असते. हेडर प्रत्येक पानावर येते, तशी ही आकृतीही येते. खात्री करायची असेल तर वर्डच्या डॉक्स (.docx) प्रकारच्या फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावातले शेवटचे ‘डॉक्स’ बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. वर्डची फाइल म्हणजे अनेक छोट्या फायलींचे गाठोडे असते. त्यात हेडरची फाइल वेगळी सापडेल आणि तिच्यात ‘पॉवरप्लसवॉटरमार्कऑब्जेक्ट’ अशा नावाने तुमचा ‘मसुदा’ शब्द बसलेला दिसेल.

हे कळले की रोजच्या पुष्कळ अडचणींचा उलगडा होतो. तक्त्याच्या चौकोनांत रंग भरला की वॉटरमार्क त्याखाली झाकला जातो, कारण तो सगळ्यात मागे आहे. दस्तऐवजात वेगवेगळे विभाग केले असतील आणि त्यांची हेडरे एकमेकांपासून तोडलेली असतील, तर एका विभागातून पुसलेली खूण दुसऱ्यात शिल्लक राहते. आणि ज्याला हेडरवर दोनदा क्लिक करता येते त्याला ती आकृती निवडून डिलीट करता येते. काम काही सेकंदांचे आहे. पानाचा रंग किंवा पानभर पसरलेले चित्र ‘पेज कलर’मधून घातले तर आणखी एक घोळ होतो. पडद्यावर ते छान दिसते आणि छापताना येतच नाही. वर्डच्या पर्यायांमध्ये पार्श्वभूमीचे रंग व चित्रे छापण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते.

मराठीसाठी दोन गोष्टी खास सांगायला हव्यात. पहिली फॉन्टची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. त्यात लिहिलेला वॉटरमार्क दुसऱ्या संगणकावर गेला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की बोधवाक्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून युनिकोडमध्येच लिहावे आणि दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवावे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. साध्या, बिनरंगी लेझर प्रिंटरकडे फक्त काळी भुकटी असते, राखाडी नसते. फिकट राखाडी रंग दाखवायचा तर तो काळे बारीक ठिपके विरळ पेरतो आणि आपला डोळा त्यांची सरासरी काढतो. ६०० डीपीआयच्या साध्या प्रिंटरवर या ठिपक्यांमधले अंतर साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असते. आता बारा पॉइंटच्या देवनागरी अक्षरावरचा अनुस्वार पाहा. तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे पार्श्वभूमीचे ठिपके आणि अक्षराचा ठिपका जवळजवळ एकाच मापाचे. गडद वॉटरमार्कवर ‘शिंदे’ आणि ‘शिदे’ यांत फरक करणे अवघड होते. त्याची झेरॉक्स काढा, झेरॉक्सची झेरॉक्स काढा, आणि शिरोरेघेवरच्या मात्रा, रफार, अनुस्वार एकेक करून त्या ठिपक्यांत मिसळू लागतात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहा: हेक्टर आणि आर यांच्यामध्ये फक्त एक टिंब असते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात अशा तालुक्यांत त्या टिंबाचे मोल वेगळे सांगायला नको. माझे मत स्पष्ट आहे: वॉटरमार्क आणि मजकूर यांत एकाचीच निवड करायची असेल तर मजकूर वाचवावा. वर्डमध्ये चित्र घालताना ‘वॉशआउट’ची खूण चालूच ठेवावी. ती चित्राचा उजळपणा वाढवते आणि गडद-फिकटातला फरक कमी करते. तरीही छापून, झेरॉक्स काढून, एकदा वाचून पाहावे. पडद्यावरचा अंदाज कागदावर फसतो.

ठिपक्यांचा हाच गुणधर्म कोणीतरी हुशारीने उलटा वापरला आहे, आणि त्याचा नमुना तुमच्या चेकबुकात आहे. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये ठरवलेल्या सीटीएस-२०१० (चेक ट्रंकेशन सिस्टिम) मानकानुसार चेकच्या पार्श्वभूमीत एक दडलेला शब्द असतो. त्या शब्दाची जागा मोठ्या, विरळ ठिपक्यांची आणि आजूबाजूची जागा बारीक, दाट ठिपक्यांची. दोन्हींचा सरासरी फिकटपणा सारखाच, म्हणून नुसत्या डोळ्याला शब्द दिसत नाही. झेरॉक्स यंत्राला मात्र बारीक ठिपके पकडता येत नाहीत. ते गळून जातात, मोठे राहतात, आणि नकलेवर तो शब्द ठळक उभा राहतो. त्याच चेकच्या कागदात उजेडासमोर धरल्यावर दिसणारा ‘सीटीएस इंडिया’ हा खरा वॉटरमार्कही असतो. चेकचे रंग इतके फिके का, याचेही उत्तर इथेच आहे. आता चेक स्वतः शाखाशाखांतून फिरत नाही. त्याची प्रतिमा फिरते. त्यात एक प्रतिमा निव्वळ काळ्या-पांढऱ्याची असते. पार्श्वभूमी त्या प्रतिमेत नाहीशी व्हावी आणि रक्कम, नाव, सही एवढेच उरावे, म्हणून ती आधीपासूनच फिकी ठेवलेली असते. डीटीपी सेंटरमध्ये लेटरहेड करणाऱ्याने चेक समोर ठेवून काम करावे, इतका तो चांगला धडा आहे.

वर्डमधल्यासारखा छापील वॉटरमार्क मग निरुपयोगी का? मुळीच नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गेल्या काही वर्षांतल्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिका पाहा. प्रश्नांच्या मागे महाविद्यालयाचा संकेतांक, संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता, तारीख आणि वेळ फिकट अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेली असते. बारामतीचे विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न. बारामतीत संगणकावर उतरवून छापलेली प्रत आणि नाशकात उतरवलेली प्रत, प्रश्न तेच असूनही, अशा प्रकारे वेगळ्या ओळखता येतात. फोटो बाहेर गेला तर तो कुठल्या प्रतीचा, हे प्रतच सांगते. इथे वॉटरमार्क नक्कल थांबवत नाही, नक्कल करणाऱ्याचा माग ठेवतो. अनेक रंगीत लेझर प्रिंटरही गुपचूप असेच करतात: पानभर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके, ज्यांत प्रिंटरचा क्रमांक आणि छपाईची वेळ दडलेली असते.

आता ज्याच्याशी आपला सगळ्यांत जास्त संबंध येतो तो कागद, सातबारा. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला तेव्हा त्यावर महाराष्ट्र शासन आणि भूमी अभिलेखांचा ई-महाभूमी प्रकल्प यांच्या बोधचिन्हांचा वॉटरमार्क आला. उतारा हातात घेतला की प्रथम नजर त्यावर जाते आणि माणूस निश्चिंत होतो. ही निश्चिंती चुकीची आहे. ते चित्र कुठलाही साधा संगणक शिकलेला मुलगा दुसऱ्या कागदामागे लावू शकतो. कसे, ते वर आलेच आहे. उताऱ्याचा खरा आधार डिजिटल स्वाक्षरी आहे. १ मे २०१८ पासून अशी स्वाक्षरी असलेले उतारे ऑनलाइन मिळू लागले.

या स्वाक्षरीचे गणित सुंदर आहे. फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावर प्रक्रिया करून संगणक एक ठरावीक लांबीची संख्या काढतो. क्षेत्रातले एक टिंब हलवले तरी ती संख्या पूर्णपणे बदलते. ही संख्या स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केलेली असते. तिची जोडीदार किल्ली सार्वजनिक असते. तिने कोणीही पडताळणी करू शकतो, पण तिच्या आधारे नवी स्वाक्षरी करता येत नाही. सातशे वर्षांपूर्वी तारेच्या आकृतीने जे काम कागदाच्या अंगात केले, तेच इथे गणित फाइलच्या अंगात करते. मात्र हे सगळे फाइल फाइल असेपर्यंतच. उतारा छापला की स्वाक्षरी उरते ती नुसते चित्र म्हणून, बोधचिन्हाइतकीच नक्कल करण्याजोगी. म्हणूनच उताऱ्यावर सोळा अंकी पडताळणी क्रमांक दिलेला असतो.

तेव्हा जमिनीचा व्यवहार करताना, जामीन राहताना किंवा इसार देताना समोरच्याने आणलेल्या झेरॉक्सवरचे बोधचिन्ह पाहून थांबू नका. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावरचा मोफत, विनास्वाक्षरी उतारा फक्त माहितीसाठी असतो. तो कायदेशीर कामाला चालणार नाही, अशी सूचना त्यासोबतच दिलेली असते. स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. तो स्वतः काढा, किंवा समोरच्या उताऱ्यावरचा सोळा अंकी क्रमांक डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याच्या शासकीय संकेतस्थळावर टाका आणि तिथे उघडलेला उतारा हातातल्या कागदाशी ओळीने ओळ जुळवून पाहा, टिंबासकट.