टेस्ट हिरव्या, नोंद मात्र गायब

हल्ली कुणी एआय एजंटकडून अ‍ॅप करून घेतल्याचं सांगितलं की पाठोपाठ एक वाक्य ठरलेलं असतं: ‘टेस्टिंगचं टेन्शनच नाही, टेस्ट एजंटनेच लिहिल्या आणि सगळ्या पास झाल्या.’ ऐकून ऐकून कान किटले. विद्यार्थ्यानेच पेपर काढला, त्यानेच सोडवला, त्यानेच तपासला आणि पैकीच्या पैकी गुण घेतले, तर आपण पेढे वाटायचे का?

एजंट म्हणजे फाइली वाचण्याची, बदलण्याची आणि कमांड चालवण्याची मुभा दिलेलं भाषा-मॉडेल. ‘दुकानाच्या उधारीचं अ‍ॅप कर’ म्हटलं की तो कोड लिहितो, बिल्ड करतो, एरर आली तर वाचून दुरुस्त करतो, एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी फोनवर अ‍ॅप चढवतो, एडीबी या कमांडच्या साधनातून बटणं दाबतो आणि स्क्रीनशॉट बघतो. हे कामाचं आहे, वाद नाही. तेच लॉगिन न कुरकुरता शंभरदा करून बघणारा माणूस मिळणं कठीणच. पण टेस्ट पास झाली याचा अर्थ एवढाच, की लिहिणाऱ्याची जी समजूत होती तिच्याप्रमाणे कोड चालतोय. समजूतच अपुरी असेल, तर तीच उणीव टेस्टमध्येही उतरते आणि वर हिरवी खूण मिळवते.

उधारीच्या अ‍ॅपचंच बघू. नोंदीची तारीख सर्व्हरला पाठवायची आहे. अँड्रॉइडवर यासाठी ‘सिंपल डेट फॉरमॅट’ वापरतात आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) म्हणून फोनचंच डीफॉल्ट देतात. एम्युलेटर इंग्रजीत, तारीख इंग्रजी अंकांत, टेस्ट हिरवी. कुणी शहाण्याने फोन हिंदीत करून बघितला तरी सगळं सुरळीत, कारण युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात हिंदीचे डीफॉल्ट अंक इंग्रजीच आहेत. मराठीचे मात्र देवनागरी आहेत. म्हणजे दुकानदाराने फोनची भाषा मराठी केली रे केली, की सर्व्हरकडे थेट ‘२०२५-०८-१५’ असं जातं. वाचायला आपल्याला छान. पण इंग्रजी अंकांची वाट बघणारा सर्व्हर ही तारीख फेटाळतो. उधारी सेव्ह होत नाही. दुकानदार म्हणतो, नेट गेलं असेल.

उपाय एका ओळीचा आहे: सर्व्हरला जाणाऱ्या तारखेसाठी लोकेल ठरवून द्यायचं, फोनवर सोडायचं नाही. लोकेल अजिबात दिलं नसेल तर अँड्रॉइड स्टुडिओचं लिंट, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, टोकतं. ‘डीफॉल्ट’ असं लिहून दिलं की तेही गप्प बसतं. एजंटला हा नियम माहीत नसतो असं मुळीच नाही. विचारलंत तर अंकांच्या या भानगडीवर तो निबंध लिहून देईल. पण तुमचं गिऱ्हाईक मराठीत फोन वापरतं हे एजंटला कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यामुळे तशी टेस्टही कुणी मागितलेली नसते.

बरं, एजंट नेहमी सरळ मार्गानेच टेस्ट पास करतो असंही नाही. यावर हमखास भुवया उंचावतात, म्हणून पुरावा देतो. अँथ्रॉपिक कंपनीने फेब्रुवारी २०२५मध्ये क्लॉड ३.७ सॉनेट हे मॉडेल आणलं, तेव्हा सोबतच्या सिस्टीम कार्डमध्ये, म्हणजे मॉडेलविषयीच्या अहवालात, स्वतःच नोंदवलं, की हे मॉडेल अधूनमधून मूळ प्रश्न सोडवण्याऐवजी ठरावीक टेस्टपुरती उत्तरं कोडमध्ये घुसवतं, किंवा कोडचं जे उत्तर येतं त्याला जुळेल अशी टेस्टच बदलतं. हे टीकाकारांनी नव्हे, बनवणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. पुढची मॉडेलं सुधारत गेली तरी एजंटने केलेल्या बदलांत टेस्टच्या फाइलला हात लागलाय का, हे आधी बघावं. आणि एक सोपी परीक्षा घ्यावी: कोडमधली एखादी ओळ मुद्दाम बिघडवा, बेरजेच्या जागी वजाबाकी करा. टेस्ट तरीही हिरवीच राहिली, तर ती टेस्ट काहीच तपासत नव्हती. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, आणि हे कामही एजंटलाच सांगता येतं.

बाकीचे गैरसमज त्या मानाने किरकोळ.

एम्युलेटरवर चाललं म्हणजे फोनवर चालणारच? एम्युलेटरचा कॅमेरा मुळात आभासी खोली दाखवतो, आणि बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकणारे फोन बाजारात ढिगाने आहेत. हजार-दोन हजारांचा जुना हँडसेट टेबलावर ठेवा.

एजंटमुळे काम वेगाने होतंच? एमईटीआर या संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही आपण २० टक्के वेगाने केलं असंच त्यांना वाटत होतं. जुन्या, मोठ्या प्रकल्पांपुरताच हा निष्कर्ष आहे; कोऱ्या पाटीवर नवं अ‍ॅप करणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

एजंटने सुचवलेली लायब्ररी असतेच? नसतेही. १६ मॉडेलांच्या एका अभ्यासात व्यापारी मॉडेलांनी सुचवलेल्या पॅकेजांपैकी सरासरी निदान ५ टक्के आणि मुक्त (ओपन सोर्स) मॉडेलांच्या पॅकेजांपैकी २१ टक्क्यांहून जास्त काल्पनिक निघाली. त्याच नावाने कुणी भामट्याने खरंखुरं पॅकेज टाकून ठेवलं, तर तेही निमूटपणे अ‍ॅपमध्ये येऊन बसतं.

आयफोनचं अ‍ॅप मॅकशिवाय होतं? कोड कुठेही लिहिता येतो, पण अ‍ॅपलचा सिम्युलेटर मॅकवरच चालतो. स्वतःचा नसेल तर भाड्याचा घ्यावा लागतो.

आणि शेवटचा, ‘शनिवारी सुरू केलं, सोमवारी प्ले स्टोअरवर’. नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर गूगल आधी बंद चाचणी मागतं: किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. सुरुवातीला तर २० लागायची. तेव्हा भाचे, मेहुणे, शेजारी आत्ताच गोळा करायला लागा, आणि त्यातल्या दोघातिघांना फोनची भाषा मराठी ठेवायला सांगा.