नेम बरोबर, गोळी चुकीची

आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे. आजची गोष्ट अमेरिकेतली. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात मोठी शिकार करता येते आणि बऱ्याच राज्यांत चक्क हँडगननेही.

माझा मावसभाऊ आयडाहोत असतो. ऑफिसातल्या एका शिकाऱ्याबरोबर तो एकदा नुसता बघायला गेला. समोर एल्क, म्हणजे तीनशे किलोंचं दांडगं हरीण. चाळीसेक पावलांवरून त्या माणसाने .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने बार काढला. खांद्यावर लागला, पण जनावर पळालं. अंधार पडेपर्यंत दोघं रक्ताचे थेंब शोधत फिरले. एल्क काही सापडलं नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "नेम बरोबर होता रे, गोळी चुकीची होती."

म्हणजे काय, ते बघू. .४४ मॅग्नम १९५५च्या शेवटी आलं. १९७१च्या 'डर्टी हॅरी'मुळे ते जगातलं सगळ्यात दणकट पिस्तूल वाटायला लागलं. पण शिकारीच्या नेहमीच्या .३०-०६ रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास जाते आणि .४४ची साधारण चारशे. धक्क्याची ऊर्जा रायफलच्या एक तृतीयांश. वेगच कमी, त्यामुळे रायफलसारखी आत मोठी मोडतोड होत नाही. हँडगनच्या गोळीने एकच काम नीट करायचं असतं: सरळ आत, फुप्फुसांपर्यंत आणि जमलं तर पलीकडे.

त्या माणसाने भरली होती १८० ग्रेनची हॉलो पॉइंट. ग्रेन हे गोळीचं वजन, १८० म्हणजे जेमतेम पावणेबारा ग्रॅम. हॉलो पॉइंटच्या टोकाला खड्डा असतो, त्यामुळे ती लागताच छत्रीसारखी फुलते. माणसापासून स्वतःचा बचाव करायला ती वापरतात, कारण ती लवकर थांबावी, पलीकडच्याला लागू नये. एल्कच्या खांद्याच्या जाड हाडावर मात्र हे थांबणंच नडतं. साध्या हरणाला, सत्तर-ऐंशी किलोंच्या, २४० ग्रेनची फुलणारी गोळी छान चालते. काही राज्यांत तर कायद्यानेच फुलणारी लागते, तेव्हा आधी नियम वाचायचे.

एल्क किंवा अस्वलासाठी जाणकार हार्ड कास्ट घेतात: शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून कडक केलेली, चपट्या रुंद टोकाची, ३०० ग्रेनच्या आसपासची. ती फारशी फुलत नाही, वाट सोडत नाही. चपट्या टोकामुळे भोकही बऱ्यापैकी रुंद पडतं. आयडाहोच्याच एल्मर कीथने जड, चपट्या टोकाच्या गोळ्यांचा आयुष्यभर धोशा लावला होता.

पण जड गोळी म्हणजे जबरदस्त झटका. हात दचकला की नेम गेला. मग .५०० मॅग्नम घेऊन काय उपयोग? झेपेल तेवढंच घ्यावं, आणि त्याच काडतुसांनी आधी भरपूर सराव करावा.

कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीत शिसं चालतच नाही, बिनशिशाची गोळी लागते. कारण तिथली काँडोर गिधाडं. शिसं राहिलेलं मांस खाऊन ती मरतात. आपल्या गिधाडांचं डायक्लोफेनॅकने झालं तसंच काहीसं.

भावाच्या त्या सहकाऱ्याने यंदा ३०० ग्रेनची हार्ड कास्ट आणलीये, रेंजवर सरावही चालू आहे. भाऊ मात्र परत गेला नाही.