संस्थापकानंतर कोण?

संस्थानी काळात आमच्या इंदुरात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. गायक-वादकांचा परामर्श दरबार घेई, आणि दरबारचा वारस ठरलेला असे. 1948 साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि कलेचा भार रसिकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांवर आला. संस्थेला युवराज नसतो. तिचा वारस तिलाच घडवावा लागतो.

या बाबतीत पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते एखाद्या राजाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकाश्रयावर. 1908 मध्ये मुंबईस शाखा निघाली; पुढे तिची स्वतःची इमारतही झाली. पण सारा डोलारा एकट्या पंडितजींच्या खांद्यावर होता. कर्ज फिटेना, आणि अखेर ती इमारत हातची गेली.

1931 मध्ये पंडितजी मिरजेस निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गुरूंच्या जागी दुसरा गुरू शोधण्याच्या भरीस ते पडले नाहीत; त्यांनी अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची घडी बसवली. ‘विशारद’ आणि ‘अलंकार’ या परीक्षांना आजही गावोगावचे विद्यार्थी बसतात.

अशी घडी आपल्या गावातही पाहावयास मिळते. ‘सानंद’ने आपल्या प्रेक्षकांचे पाच गट केले आहेत. रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार ही त्यांतल्या तिघांची नावे. वडीलधाऱ्यांचे स्मरण त्यात आहेच, शिवाय व्यवहारही आहे. एका नाटकाचे लागोपाठ प्रयोग ठरलेले असले म्हणजे मुंबई-पुण्याच्या मंडळींना एवढा प्रवास परवडतो. ही व्यवस्था कोणा एकाच्या ओळखीपाळखीवर अवलंबून राहत नाही.

माझे म्हणणे इतकेच, की जुन्या कार्यकर्त्यांनी हातपाय चालत आहेत तोवरच हिशेबाच्या वह्या, देणगीदारांच्या गाठीभेटी आणि कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार तरुणांकडे सोपवावा. दोन कार्यक्रम फसले तर फसू द्यावेत. इंदुरात आज कित्येक घरी आजी मराठीत विचारते आणि नातवंडे हिंदीत उत्तर देतात. सभागृहातील मागच्या रांगेतून या मुलांना उठवून कामाला लावले नाही, तर पुढे किल्ल्या द्यावयाच्या म्हटले तरी घ्यावयास कोणी उरणार नाही.