दहा मिनिटांचं गणित

एक मीटर लांब, एक मीटर रुंद असं साधं सुती कापड घ्या. सेंटीमीटरला उभे 24 आणि आडवे 24 धागे धरले, तर त्या तुकड्यात 4,800 मीटर सूत असतं. त्याचं एक टोक चेन्नई सेंट्रलला बांधलं, तर दुसरं पेरांबूरच्या आसपास पोचेल.

पेरांबूरचं नाव मुद्दाम घेतलं. बिनी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या गिरण्या तिथल्याच. खाकी कापडासाठी नावाजलेल्या या गिरण्या 1920 साली एक झाल्या आणि 1996 साली बंद पडल्या.

आता साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, या. मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला 160 वेळा धावतो असं धरू. मीटरभर कापड निघायला 15 मिनिटं लागतील. बारा तासांत एका मागावर धोट्याच्या 1,15,200 धावा होतील. मीटरभर रुंदीचा माग असेल तर 115 किलोमीटर! एवढ्या धावपळीत एक धागा तुटला तरी तो विणकराला दिसला पाहिजे, माग थांबवून सांधता आला पाहिजे. तेही बहिरं करणाऱ्या खडखडाटात, दिवसभर उभ्यानं.

बिनीच्या गिरण्यांत अशा कामात जेवणाची सुट्टी होती अर्ध्या तासाची. हात धुणं, डबा उघडणं, खाणं, परत मागावर येणं, सगळं त्यातच. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलू नायडू हे गाऱ्हाणं घेऊन बी. पी. वाडियांकडे गेले. वाडिया मुंबईचे पारशी, अ‍ॅनी बेझंटबाईंचे सहकारी. 27 एप्रिल 1918 रोजी मद्रास लेबर युनियन उभी राहिली. मागणी जेवणाची सुट्टी वाढवण्याची होती. कंपनीनं दिली 40 मिनिटं.

म्हणजे वाढली फक्त दहा मिनिटं. पण दोन्ही गिरण्यांत मिळून कामगार सुमारे दहा हजार. रोजची एक लाख मिनिटं झाली, बारा तासांच्या जवळजवळ 139 पाळ्या! मालकाला हाच आकडा टोचत असणार. कामगाराच्या बाजूनं पाहा: वर्षाला 300 दिवस धरले तर त्याच्या वाट्याला 50 तास आले. वर्षभरात पन्नास तास निवांत बसून जेवायला मिळणं ही मला फार मोठी कमाई वाटते.

पुढचा काळ कठीण होता. 1921च्या जून ते ऑक्टोबर या गिरण्यांत संप चालला. त्यात आदि द्रविड, म्हणजे दलित, कामगार आणि इतर यांच्यात फूट पडून मद्रासच्या पुळियांतोप भागात घरं जळाली. 29 ऑगस्टला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

त्याआधीच कंपनीनं मद्रास उच्च न्यायालयातून वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. युनियन चालवणंच गुन्ह्यासारखं ठरायला लागलं, तेव्हा आपले कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1921च्या मार्चमध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात युनियनना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. पाच वर्षांनी, 1926 साली तो कायदा झाला. युनियन नोंदवायला त्यात किमान माणसं ठरली सात.