शिंपला चमकला म्हणजे मोत्याचाच, असं नाही!



उन्हाळ्यात मधुबन जलाशयाचं पाणी उतरलं की काठच्या गाळात शिंपले सापडतात. हातात घेतला की पहिला प्रश्न, "हा मोत्याचा आहे का?" ते ओळखायचं शिंपल्याच्या आतल्या थरावरून. या थरालाच मदर ऑफ पर्ल म्हणतात. मोतीही याच पदार्थाचा बनतो. म्हणजे ज्या शिंपल्याला हा थर नाही, त्यात झळाळीचा मोती तयार होत नाही.

सगळे शिंपले मुळात कॅल्शियम कार्बोनेटचेच. फरक रचनेचा. या थरात अतिशय पातळ चकत्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यावर उजेड पडला की गुलाबी, हिरवी, निळसर छटा उमटते.

कसं तपासायचं?
१. शिंपला धुऊन पूर्ण वाळवा. ओला असताना कुठलाही शिंपला चमकतो, तिथेच फसगत होते.
२. उन्हात धरून हळूहळू तिरका करा. रंग सरकले तर थर आहे. नुसता पांढरा गुळगुळीत दिसला तर नाही.
३. लिंबू किंवा ॲसिड लावू नका. फेस सगळ्याच शिंपल्यांना येतो, आणि थर मात्र खराब होतो.

कुठल्यात आहे, कुठल्यात नाही?
• नदी-तळ्यातला मोठा, काळपट सालीचा शिंपला (लॅमेलिडेन्स): आहे. भुवनेश्वरच्या ‘सीफा’ संस्थेने गोड्या पाण्यातल्या मोत्यांची शेती याच जातीवर विकसित केली.
• समुद्रातले शिनाणे: आहे, पण पातळ.
• खडकावरची कालवं: नाही. आतून खडूसारखी पांढरी.
• तिसऱ्या, कवडी, पूजेचा शंख: नाही. त्यांची चकाकी चिनी मातीच्या कपासारखी.
• गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेला चपटा शिंपला: चमकतो, तरी हा थर त्यात नाही. तो पापुद्र्यांनी सुटतो. जिवंत गोळा करू नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

मोतीशेतीसाठी कुणी शिंपले विकायला आलं, तर आधी एक रिकामा शिंपला मागा आणि वाळवून उन्हात बघा. थर दिसला म्हणजे मोती येईलच असंही नाही. पण थरच नसेल तर पैसे पाण्यात गेले समजा.

आणि एक विनंती. ओळख पटवायला काठावरचा रिकामा शिंपला पुरतो, जिवंत फोडू नका. तो पाणी गाळून स्वच्छ करतो. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून वाढतात. म्हणजे मासे टिकले तरच शिंपले टिकतील.

पोस्ट आपल्या सभासदांपर्यंत पोहोचवा. तुमच्याकडे शिंपला असेल तर वाळवून, उन्हात तिरका धरून फोटो टाका, मिळून ओळखूया!