ब्राउझर भलत्याच पानावर जातो? अ‍ॅडवेअर असे काढा

सातबारा किंवा बाजारभाव पाहावयास जावे आणि समोर लॉटरीचे वा कर्जाचे पान उघडावे, असा अनुभव बऱ्याच शेतकरी बंधू-भगिनींना येतो. एकाच संकेतस्थळावर असे घडत असल्यास दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा असतो. सर्वत्र घडत असल्यास आपल्या फोनमध्ये अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवून कमाई करणारा प्रोग्राम, शिरला असण्याची शक्यता असते. फुकटच्या अ‍ॅपबरोबर तो नकळत येतो.

उपाय पुढील क्रमाने करावेत :

१) फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात आपण घेतलेली अ‍ॅप चालत नाहीत. त्रास थांबल्यास दोष त्यांपैकीच एकात आहे असे समजावे.

२) फोन पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू करून सेटिंग्जमधील यादीतून अनोळखी व अलीकडची अ‍ॅप एकेक करून काढावीत.

३) क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' बंद ठेवावे. अनोळखी संकेतस्थळांची नोटिफिकेशनची परवानगीही काढावी.

४) प्ले स्टोअरमधील प्ले प्रोटेक्टने तपासणी करावी.

संगणकावर अनोळखी एक्स्टेन्शन काढून क्रोम रीसेट करावा. बुकमार्क व साठवलेले पासवर्ड जात नाहीत.

'फोनमध्ये व्हायरस आहे, हे अ‍ॅप घ्या' अशा सूचनेवर मुळीच विश्वास ठेवू नये. भलत्या पानावर बँकेची माहिती किंवा ओटीपी देऊ नये. पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे.