प्रश्नपरीक्षा आणि न बोलणारे बालक

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील तिसरी परीक्षा, सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणाऱ्या बालकाच्या बाबतीत, आपण बहुधा मातेलाच विचारून उरकतो. मूकत्व व वाक्संग यांची गणना चरकांनी ८० वातविकारांत केली आहे. त्यानुसार वचा, ब्राह्मी, सारस्वतारिष्ट यांची योजना होते. परंतु शब्द फुटेपर्यंत पोटात दुखते हे त्या बालकाने सांगावे कसे?

१९७१ मध्ये टोरांटो येथे अशा मुलांसमोर चार्ल्स ब्लिस यांची चित्रचिन्हे ठेवण्यात आली, आणि बोटाने वा नजरेने ती मुले आपले म्हणणे मांडू लागली. चित्रफलकामुळे मूल बोलण्याचा कंटाळा करील, ही पालकांची भीती निराधार आहे. कित्येकदा वाचेला त्याचे साह्यच होते. श्रवणतपासणी मात्र आधी करून घ्यावी.

आमच्या मते प्रत्येक चिकित्सालयात, औषधालयातही, एक चित्रांचा पुठ्ठा असावा : हो, नाही, डोके, पोट, तहान, पुरे. (काढा कडू असतो, ‘पुरे’ वगळू नये.) प्रश्न मुलालाच विचारावा व उत्तरासाठी निदान दहा-पंधरा सेकंद स्वस्थ थांबावे. हात स्थिर नसल्यास ‘हो’ची त्याची खूण कोणती, नजर वर नेणे की पापणी मिटणे, हे मातेकडून समजून घेऊन केसपेपरवर लिहून ठेवावे.